मडकं बोलतंय तोवर

जीप सुटायच्या आधी आईने ज्योतीला माझ्या कडेवरून काढून तिच्या बापाकडे दिलं आणि माझ्या मांडीवर मडकं ठेवलं. लेक नवऱ्याकडे आणि मडकं माझ्याकडे. जीपमधल्या बाया हसल्या. एकीने विचारलंही, नाशकात काय मडकी मिळत नाहीत होय? आई हसली नाही. मडक्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं तिने चाचपून पाहिलं, वाकून कान लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलतंय तवर पी. गप झालं तं थेंब तोंडात घालू नको."

निरोपाचं बोलणं एवढंच. लेक घर सोडून निघाली की आया गळ्यात पडतात, डोळे पुसतात, सांभाळून राहा म्हणतात. माझी आई पोटाचं बोलली. मला तेव्हा रागच आला होता, खोटं कशाला सांगू. नव्वद सालचा मे महिना संपत आला होता. सुरगाण्याकडचे डोंगर करपून गेले होते आणि आभाळाच्या कडेला काहीतरी काळं येऊन बसलं होतं, पण वारा म्हणून नाही. बोरगावपर्यंत जीप, पुढे एसटी. सगळी वाट ते मडकं माझ्या मांडीत हळूहळू फसफसत राहिलं आणि त्याचा ओलावा साडीतून मांडीला लागत राहिला. वणीच्या पुढे मला डुलकी लागली आणि झोपेत मला वाटलं, माझ्या मांडीवर मूलच आहे आणि ते काहीतरी सांगतंय.

पाड्यावर राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे तिथून उठून नाशिक, वापी, सुरत, जिथे पोट नेईल तिथे गेलेल्यांनो, मडकं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण तुमच्या पोरांना कुठे माहीत आहे? म्हणून लिहिते. नागलीचं, म्हणजे नाचणीचं पीठ, पाणी आणि आदल्या दिवसाचं उरलेलं आंबट, एवढंच त्यात. संध्याकाळी मूठभर पीठ आणि पाणी घालायचं. सकाळी खालचा गाळ शिजवून आंबील करायची आणि वर जी आंबटसर निवळ येते ती मीठ घालून प्यायची. आभाळ भरून येतं पण पडत नाही, हवा अंगाला चिकटते, भूक मरते, आणि खाल्लेलं पोटात नुसतं दगडासारखं बसून राहतं, अशा दिवसांत घरातल्या लहानथोरांना हीच निवळ. शिळं नको, तेलकट नको, पोट भरेस्तोवर तर मुळीच नको. आई म्हणायची, घाम वाळंना झाला का हात आखडायचा.

मडक्याच्या रीती होत्या. साबण लावायचा नाही. तळ उघडा पडू द्यायचा नाही. लेक निघाली की आईच्या मडक्यातलं तिच्या मडक्यात ओतायचं, म्हणजे माझ्या मांडीवरच्या त्या मडक्यात माझ्या आजीचं, तिच्या आईचं आणि नाव विसरलेल्या कुणाकुणाचं थोडं थोडं होतंच. आणि एक रीत अशी की घरात देवाचं म्हणून, मायेचं म्हणून जे येईल ते आधी मडक्यात. नव्या नागलीची पहिली चिमूट मडक्यात. देवीच्या झऱ्याचं पाणी कुणी आणलं तर दोन थेंब मडक्यात. चांगलं आलेलं सगळ्यांच्या पोटात सारखं जावं, म्हणून. ही शेवटची रीत लक्षात ठेवा.

आता मडकं बोलतं म्हणजे काय? आंबताना बुडबुडे येतात, वायू सुटतो, फसफसतं. मी आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेय, एवढं मलाही कळतं. भुताखेतांवर विश्वास न ठेवणाऱ्या बायका जेवढा ठेवतात तेवढाच मी ठेवते. पण आईच्या घरात दुपारी सगळे शेतावर गेलेले असताना ज्याने त्या मडक्याजवळ बसून बघितलंय, त्याला विचारा. आधी बारीक चुरचुर. मग बुडबुड. मग मध्येच थांबतं, जसं कुणी समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबावं. आणि पुन्हा सुरू.

नाशकात पंचवटीतल्या एका गल्लीत आम्ही राहिलो, एका गुरुजींच्या घराच्या मागच्या खोलीत. ज्योतीचे बाबा सातपूरला कंपनीत लागले होते, सकाळी जायचे ते दिवे लागताना यायचे. खोलीला एकच खिडकी, तीही बोळाकडे. गुरुजी यात्रेकरूंची पूजा सांगायला घाटावर असत आणि घरात त्यांची बायको, काकू. बाई सोवळ्यातली, पण मनाने मोकळी. पहिल्या दिवशी मडक्याकडे बघून तिने नाक मुरडलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारलं, ह्यात नेमकं काय असतं गं यमुना? मी सांगितलं. म्हणाली, आमच्याकडे ताक, तुमच्याकडे हे. पोटाची देवता एकच.

तिकडे आम्ही डोंगरावर उघड्यावर राहणारे. ऊन लागायचं, पण वारा असायचा. इथे नदी जवळ, भिंतीला भिंत आणि आषाढ लागला तरी पाऊस धड नाही. एक सर यायची, तापलेल्या फरशीवर पडून वाफ व्हायची आणि पुन्हा आभाळ झाकण ठेवल्यासारखं. डब्यातल्या मिठाला पाणी सुटलं. काड्यापेटीतली काडी ओढली की गूल तुटून पडायचा. दोरीवरची लंगोटं संध्याकाळी सकाळच्यापेक्षा ओली. आणि खाणं? भाजीबाजार दाराशी, गाड्यावर कापून ठेवलेलं कलिंगड, तर्रीची मिसळ, बर्फाचा गोळा. ज्योतीचे बाबा हौसेने आणायचे आणि मी हौसेने खायची. पाड्यावरची हाडं, शहराची जीभ. महिन्याभरात आमच्या दोघांच्याही पोटांनी हात टेकले. मग पुन्हा मडक्यापाशी आलो, गुमान.

पण इथे ते मडकं जरा जास्तच बोलायचं. कदाचित हवेमुळे असेल. दुपारी बारा-साडेबाराला गल्ली अगदी सामसूम व्हायची. देवळातल्या घंटा थांबायच्या, रिक्षावाले सावलीला पाय वर घेऊन झोपायचे, कुत्रीसुद्धा हलायची नाहीत. तेव्हा कोपऱ्यातून सुरू. एकदा काकूंनी मला सहज विचारलं, दुपारी तुझ्याकडे कोण बाई येते बोलत बसायला? मी म्हटलं, कोणी नाही, काकू. त्यांना ते पटलं नाही. म्हणाल्या, म्हातारी आहे कुणीतरी, आवाजावरून कळतं. शब्द समजत नाहीत, पण रागावते अधूनमधून. मी हसून सोडून दिलं. त्यानंतर मात्र मी दुपारी खोलीत एकटी असले की दाराची कडी काढून ठेवायला लागले.

ज्योती तेव्हा नुकती बोलायला लागली होती. रांगत, धडपडत कोपऱ्यात जायची, मडक्याला दोन्ही हात लावायची आणि गाल टेकून बसायची. गार लागतं म्हणून बसत असेल, असं मी समजायचे. मग एक दिवस ती म्हणाली, "हो." मी वळून बघितलं. मडकं थांबलं होतं. पुन्हा बुडबुडलं, थांबलं, आणि पोर पुन्हा म्हणाली, "हो." मी तिला उचललं आणि छातीशी धरलं. इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

त्याच आठवड्यात तिचं पोट बिघडलं. आधी दात येताना होतं तसं वाटलं. मग दिवसभर जुलाब, मग उलटी. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर होते, त्यांच्याकडे नेलं. त्यांनी औषध दिलं, मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजत राहा म्हणाले, हवा वाईट आहे, पाणी उकळून घ्या, बाहेरचं काही नको. सगळं केलं. दोन दिवसांनी जरा थांबल्यासारखं झालं, पण पोर अगदी मऊ पडली होती. डोळे आत गेलेले, टाळू खोल गेलेली. मांडीवर घेतली तर वजनच लागेना. तिच्या आधीचं माझं एक मूल पाड्यावर असंच आषाढात गेलं होतं. त्याचं नाव आम्ही अजून ठेवलं नव्हतं. त्यामुळे ज्योतीची टाळू दिसली की मी तिच्यावर पदर ओढायचे. ही पण जाणार, असं मनात यायचं आणि मी ते मनातल्या मनात पुसून टाकायचे.

सकाळी काकू आल्या. हातात छोटा तांब्या. आदल्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि गंगेला पहिलं पाणी आलं होतं. गुरुजी पहाटे घाटावरून घेऊन आले होते. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. काकूंनी ज्योतीच्या कपाळाला दोन थेंब लावले, डोक्यावरून हात फिरवला आणि तांब्या माझ्याकडे देऊन म्हणाल्या, "तीर्थ आहे, घरात असू दे. बरी होईल हो पोर." त्यांचे डोळे भरले होते. मायेने दिलेलं, देवाचं म्हणून आलेलं. मी काय करणार? आपल्यापैकी कुणीही जे केलं असतं तेच केलं. फडकं सोडलं आणि ते पाणी मडक्यात घातलं.

झऱ्याचं पाणी आणि पहिल्या पुराचं पाणी ह्यात फरक असतो, हे आपल्या रीतीला माहीत नव्हतं. आपल्याकडे देवाचं पाणी म्हणजे खडकातून येणारं. सगळ्या गावांच्या कडेने वाहत येणारं पाणी रीत बनवणाऱ्यांनी बघितलंच नव्हतं.

दुपार झाली. हवा अशी की श्वास घेतला तरी छातीत उतरेना. ज्योतीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मला किती बरं वाटलं. डॉक्टरांचं पाणी तिला नकोसं झालं होतं, चमचा दिसला की तोंड फिरवायची. म्हटलं, निवळ देऊ, ओळखीची चव आहे, घेईल. वाटीत वरची निवळ काढली, मिठाचं बोट फिरवलं, तिला मांडीवर घेतलं. खोलीत काहीतरी कमी होतं. काय ते माझ्या लक्षात येईना. वाटी तिच्या ओठांपर्यंत गेली.

"ती वाटी खाली ठेव."

दारात आई उभी होती. कडी मी काढूनच ठेवलेली, त्यामुळे दार कधी उघडलं ते कळलंच नाही. पायाला पोटरीपर्यंत चिखल, पदर डोक्यावरून ओला, आणि कमरेवर तिचं मडकं. माझी आई कधी नाशकाला आली नव्हती. एसटीत एकटी बसली नव्हती. आमचा पत्ता तिला कुणी दिला नव्हता, मी फक्त जाणाऱ्याबरोबर निरोप धाडला होता की नदीजवळ राहतो. मी तिला हाकसुद्धा मारली नाही. वाटी खाली ठेवली.

ती आत आली. पाणी मागितलं नाही, नातीकडे बघितलं नाही. सरळ कोपऱ्यात गेली, वाकली आणि माझ्या मडक्याला कान लावला. तेव्हा मला कळलं की खोलीत काय कमी आहे. मडकं गप्प होतं. सकाळपासून गप्प होतं आणि पोरीच्या काळजीत मी ऐकलंच नव्हतं. आईने ते उचललं, मागच्या बोळात नेऊन पालथं केलं, आतून राखेने घासलं, उकळतं पाणी फिरवलं आणि उन्हात ठेवायला ऊन नव्हतं म्हणून चुलीच्या धगीवर धरलं. मग आपल्या मडक्यातलं अर्धं त्यात ओतलं. तिचं मडकं बोलत होतं. तिच्याच मडक्यातली निवळ तिने बोटाने ज्योतीच्या ओठांना लावली. पोरीने बोट चोखलं.

संध्याकाळपर्यंत ज्योतीने वाटीभर घेतलं आणि उलटी झाली नाही. डॉक्टरांचं पाणीही आईने बंद करू दिलं नाही, बरं का. तेही पाज, हेही पाज म्हणाली, पोराच्या जिवाशी मानपान नसतो. त्या आठवड्यात गल्लीत घरोघर उलट्या-जुलाब झाले. काकूही आडव्या झाल्या. आईने त्यांच्या उंबऱ्याबाहेर बसून निवळ पुढे केली, घेतील की नाही म्हणून मीच कानकोंडी झाले. काकूंनी दोन्ही हातांनी वाटी घेतली आणि डोळे मिटून पिऊन टाकली. नंतर मला हळूच म्हणाल्या, यमुना, दुपारी तुझ्याकडे बोलत बसायची ती हीच. हाच आवाज.

आईला मी दुसऱ्या दिवशी विचारलं, तुला कळलं कसं? ती ज्योतीचे पाय चोळत होती. म्हणाली, "मला कुठं कळलं? परवा सकाळी मडकं गप झालं. मांडीवर घेतलं, तं परत बोलाय लागलं. खाली ठेवलं का गप. मंग घेतलं कमरंवर आन् निघाली." रस्त्यात पाऊस लागला, गाडी मिळाली नाही, वणीला ओळखीच्या घरी अंग टाकलं, हेही तिने सांगितलं. मी मान डोलावली. भाकरी थापायला बसले आणि पहिली भाकरी तव्यावर टाकताना माझे हात थांबले. परवा म्हणजे मी पाणी घालायच्या आदल्या दिवशी. काकूंनी तांब्या आणला नव्हता. नदीला पाणी आलं नव्हतं. मडक्यात अजून काही वाईट पडलंच नव्हतं, आणि आई निघाली होती.

ती चार दिवस राहिली आणि गेली. लावणी खोळंबली होती. मी हे कुणाशी बोलले नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. भीती वाटायची असं म्हणू की आधार वाटायचा? दोन्ही एकाच जागी वाटायचं, पोटात.

पुढे दिवस गेले तसे गेले. ज्योती वाढली. मी बालवाडीत शिकवायला लागले. गल्लीतून आम्ही पुढे वस्तीत दोन खोल्यांच्या घरात आलो, फ्रिज आला, पाण्याचा फिल्टर आला, भावाने पाड्यावर फोन घेतला. आई एका थंडीत झोपेतच गेली. वहिनीने तिचं मडकं रीतीप्रमाणे पालथं घातलं. वहिनीला मडकं चालवायचं नव्हतं, तिच्याकडे कुकर होता, आणि मी तिला बोल लावत नाही. पण पालथं मडकं बघून मी जेवढी रडले तेवढी आईच्या अंगावर पडूनही रडले नव्हते. मला एकच कळत होतं, आता डोंगरावर माझ्यासाठी कान लावून बसणारं कोणी नाही.

माझं मडकं चालू होतं. शेजारणी हसायच्या. उन्हाळा सरला की त्याच यायच्या, पोट गुडगुडतंय, जेवण जात नाही, जरा ते तुमचं आंबट द्या हो. मी द्यायचे.

ज्योती नर्सिंग शिकून दोन हजार नऊ साली पनवेलला दवाखान्यात लागली. दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. पनवेलची हवा म्हणजे बारा महिने आषाढ, घाम वाळतच नाही. निघताना मी तिला काचेच्या बरणीत मडक्यातलं घालून दिलं. तीही नाही म्हणाली नाही. लेक शिकलेली, मला समजावून सांगते. आई, हे चांगले जंतू असतात, पोटात राहतात, दमट हवेत वाईट जंतू वाढले की हे त्यांना पुरून उरतात. मी म्हणते, हो बाई. फोनवर मी आधी जेवलीस का विचारायचे आणि मग, बरणी बोलतेय का? ती हसून फोन बरणीजवळ धरायची. एवढ्या लांबून ती चुरचुर ऐकली की मला झोप लागायची.

त्याच वर्षी, पाऊस लागून उघडला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी चहा टाकला आणि घरात काहीतरी कमी असल्यासारखं वाटलं. या वेळी मला वेळ लागला नाही. कोपऱ्यात मडकं गप्प होतं. कान लावला. विहिरीत डोकावल्यासारखं नुसतं. काहीच वेगळं घातलं नव्हतं, पाणी तेच, पीठ तेच. ज्योतीला फोन केला. अगदी मजेत होती. बरणी फसफसतेय म्हणाली, झाकण उडवेल एखाद्या दिवशी. मी फोन ठेवला. मग खाली बसले आणि मडकं मांडीवर घेतलं.

ते बोलायला लागलं.

मी नवऱ्याला चिठ्ठी लिहायलाही थांबले नाही, शेजारणीला सांगितलं आणि निघाले. एसटीत लोक बघत होते, एक बाई मांडीवर मडकं घेऊन बसलीय आणि त्याच्यावर कान टेकवतेय. बघू देत. कसाऱ्याचा घाट उतरला आणि ती चिकट हवा खिडकीतून आत आली. मला सारखं वाटत होतं की शेजारच्या सीटवर पोटरीपर्यंत चिखल झालेली कुणीतरी बसली आहे. मी त्या बाजूला बघितलं नाही. बघितलं असतं तर ती उतरून गेली असती.

ज्योतीने दार उघडलं ती ठणठणीत. हसली, मिठी मारली, मडकं बघून कपाळाला हात लावला. बरणी ओट्यावर फसफसत होती. म्हटलं, तुला बघावंसं वाटलं. काय सांगणार? रात्री जेवलो, झोपलो. सकाळी तिने आदल्या संध्याकाळचं राहिलेलं पीठ आणि नळाचं पाणी बरणीत घातलं, तिला सुट्टी होती. मी ओट्याकडे तोंड करून बसून राहिले. तिच्या मैत्रिणी कामावर गेल्या. दुपार झाली. पंखा नुसती गरम हवा ढवळत होता. ज्योतीने वाटीत निवळ काढली, मीठ टाकलं, आणि माझ्याशी काहीतरी बोलत वाटी तोंडाकडे नेली.

आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर बरणी गप्प झाली. एक बुडबुडा वर आला, फुटला, आणि त्यामागून दुसरा आलाच नाही.

"ती वाटी खाली ठेव," मी म्हणाले. आवाज माझा नव्हता. तो आवाज ज्योतीने ऐकला होता, मडक्याला गाल लावून, धड बोलायला येण्याआधी. ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिने वाटी खाली ठेवली.

दोन दिवसांनी कळलं की तिच्या इमारतीच्या टाकीत गटाराचं पाणी झिरपलं होतं. खालच्या मजल्यावरची माणसं तिच्याच दवाखान्यात भरती झाली. ज्योतीने मला जंतूंचं काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, आई, तू तर त्याच्या आदल्या दिवशीच निघाली होतीस. मी म्हटलं, "मला कुठं कळलं? मी फक्त उचललं." माझं मडकं मी तिच्याकडेच ठेवलं आणि तिच्या रिकाम्या, उकळून घेतलेल्या बरणीत त्यातलं थोडं घालून घेऊन परत आले.

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं? पूर्वी मी सुरगाण्याकडचं म्हणायचे, मग पंचवटीतलं, मग गप्पच बसायचे. पाड्यावर आता वहिनीची सून कुकर लावते, पंचवटीतल्या त्या खोलीत कुणाचं तरी दुकान आहे. पण आता मला विचाराल तर सांगेन. भिंतीबिंती सोडा. कुठेतरी लांब कुणीतरी आपल्या पोटासाठी कान लावून बसलेलं असलं की ते घर. आई होती तोवर ते डोंगरावर होतं. आता कुठे आहे ते मला परवापर्यंत कळलं नव्हतं.

परवा दुपारी मी इथे हे लिहीत बसले होते. हवा पडलेली, गल्ली निपचित. त्या सकाळी शेजारणीने तिच्या देवाच्या गावाहून आणलेलं तीर्थ दिलं होतं, ते रीतीप्रमाणे बरणीत घातलं होतं, तेवढं सोडून सगळं रोजचंच. निवळ वाटीत काढली होती. तेवढ्यात फोन वाजला. ज्योती होती. म्हणाली, आई, मी येतेय, गाडीत बसलेय. मी विचारलं, का गं, सुट्टी आहे का? ती नाही म्हणाली. मग म्हणाली, "काल सकाळी गप्प झालं. मांडीवर घेतलंय."

मी वाटी खाली ठेवली.